बी-२ ची वही: पंचगंगेकाठच्या बचाव उत्खननातल्या नोंदी

६ जानेवारी, शनिवार

जागा पाहून आलो. पंचगंगेच्या काठाला, ब्रह्मपुरीच्या टेकडीपासून चालत वीसेक मिनिटांवर. पाऊण एकराचं आवार, तीन बाजूंनी पत्रा, चौथ्या बाजूला होणाऱ्या इमारतीचा फलक. पायाच्या चाचणीसाठी खड्डे मारले तेव्हा खापरं आणि मोठाल्या विटा वर आल्या. कुणीतरी फोटो काढला, तो फिरत फिरत आमच्या सरांपर्यंत आला, आणि सरांनी मालकाला गाठलं.

संरक्षित स्मारक असतं तर १९५८ चा कायदा आणि त्याची २०१० ची दुरुस्ती लागू झाली असती: शंभर मीटरपर्यंत बांधकाम बंद, त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी घेऊनच. ही जागा कुठल्याच यादीत नाही. म्हणून मालकानं ‘चार आठवडे घ्या’ म्हटलं हेच खूप. ३ फेब्रुवारीला जागा परत द्यायची आहे.

उत्खननाचा परवाना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून यावा लागतो. तो सरांच्या नावावर आहे. आम्ही इतिहासाची बारा पोरं म्हणजे फक्त हात. पुण्याहून पीएच.डी. करणारी एक ताई खड्ड्यांवर लक्ष ठेवायला आली आहे. ‘मी येतो, मी जातो’ असं आम्ही मुली बोलायला लागलो की ती अजून दचकते.

ताईनं प्रत्येकाला एक वही आणि एक पेन्सिल दिली. खोडरबर दिला नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला तारीख घालून सही करायची.

८ जानेवारी, सोमवार

दिवसभर फक्त खुंट्या आणि सुतळी. पाच बाय पाच मीटरचे चौकोन, दोन चौकोनांच्या मध्ये अर्धा मीटर बांध सोडायचा. बांध खणायचा नाही, कारण थर वाचायचे ते त्याच्या उभ्या कडेवर. काटकोनासाठी तीन-चार-पाचचा त्रिकोण. शाळेत जे पाठ केलं ते इथं पहिल्यांदा उपयोगाला आलं.

मला बी-२ हा चौकोन मिळाला. बरोबर वर्गातला एकजण, जो रोज पहाटे तालमीत जातो आणि भरलेलं घमेलं एका हातानं उचलतो, आणि मजुरीला आलेल्या एक आक्का. आक्कांनी भांगलणीत आयुष्य काढलंय. खुरपं त्यांच्या हातात असतं तेव्हा ते हातालाच फुटल्यासारखं दिसतं.

९ जानेवारी, मंगळवार

थर १ : बारीक गाळ, जाडी ८ ते १४ सेंमी. २०१९ आणि २०२१ च्या पुरांचा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे कोल्हापुरात पोरासोरांनाही पाठ असतं. ते पाणी इथं किती दिवस थांबलं हे गाळात दिसतं. गाळातून निघालेल्या वस्तू : गुटख्याच्या पुड्या ४, बाटलीची टोपणं, गणपतीच्या मूर्तीचा रंगवलेला कान.

ताईनं गुटख्याची पुडी पिशवीत घालून चिठ्ठी लावायला सांगितली. आम्ही हसलो. तिनं छापील तारीख दाखवली. ‘थर १ यानंतरचा आहे, यापूर्वीचा असूच शकत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या थरालाही आपण हेच विचारतो, फक्त तिथं पुडीवर तारीख नसते.’

जिथं एवढं पाणी येतं तिथं सात मजले कसे उभे राहणार, ही चर्चा चहाच्या वेळी झाली. वहीत त्याला रकाना नाही.

११ जानेवारी, गुरुवार

थर २ संपला, ३ लागला. माती एकदम राखी, भुसभुशीत, बोटाला पिठासारखी लागणारी. मुकादममामा म्हणाले, ‘ही पांढर. हितं गाव हुतं.’

आपल्याकडं गावाची जमीन दोन नावांची : पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. हे मी सातबाऱ्याच्या गप्पांत ऐकलं होतं, पण मातीला प्रत्यक्ष रंग असतो हे माहीत नव्हतं. चुलीची राख, शेणसारवण, पडलेल्या मातीच्या भिंती, हाडं-कचरा, असं शेकडो वर्षं साचून ती तशी होते. खत म्हणून चांगली, म्हणून शेतकरी गाड्या भरभरून नेत आले. मामांच्या आज्यानंही नेली होती. सर म्हणतात, महाराष्ट्रातल्या अर्ध्या पांढरी अशाच उसाच्या फडात गेल्या.

खापरं दोन टोपल्या. धुऊन वाळत टाकली. बोटं गारठली.

१३ जानेवारी, शनिवार

थर ३ मधून बांगडीचे सहा तुकडे, काचेचे, काळ्यावर पिवळी-हिरवी नक्षी. सर : बहामनी काळ, साधारण चौदावं-पंधरावं शतक. ब्रह्मपुरीच्या जुन्या उत्खननातही त्या काळाच्या थरांत अशा बांगड्या मिळाल्या होत्या. आक्कांनी एक तुकडा मनगटाशी धरून पाहिला. ‘ल्हान पोरीची हाय.’ मोजलं, व्यास पाच सेंमीच्या आत. वहीत व्यास लिहिला. ‘लहान पोरीची’ हे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ताईनं काही म्हटलं नाही.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांत. अर्धा दिवस काम. पत्र्याबाहेर माणसं डोकावतात आणि एकच विचारतात, ‘सोनं घावलं का?’ तालीमवाला मख्खपणे सांगतो, ‘कालच ट्रकनं पाठवलं.’ सरांनी त्याला बाजूला घेऊन झाडला. १८७८ चा निखात निधी कायदा अजून जिवंत आहे : जमिनीत दहा रुपयांच्या वर किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. अफवेला दहा रुपयेसुद्धा लागत नाहीत, आणि रात्री पहारेकरी एकटाच असतो.

१७ जानेवारी, बुधवार

थर ४. खोली ०.९५ ते १.१२ मीटर. चोपलेली मुरमाची जमीन लागली, म्हणजे घराच्या आतला भाग. वर काळी-तांबडी खापरं, तुळतुळीत. सातवाहन काळ, म्हणजे दोनेक हजार वर्षांपूर्वीचा, आला म्हणून सगळे बी-२ भोवती गोळा झाले. मला फार बरं वाटलं हे लिहून ठेवते.

दुपारी, उत्तरेच्या बांधापासून दीड मीटरवर, आक्का म्हणाल्या, ‘पोरी, हितली माती मऊ लागाया लागलीया. थांब वाईच.’ मी पाहिलं. रंगात फरक दिसेना. उन्हं कलली होती, आणि मला आज जमीन पूर्ण उघडी करायची होती. ‘उंदराचं बीळ असंल’ म्हणून पुढं गेलो. पाच घमेली काढली, सगळी एकाच चाळणीवर.

~~उत्तर भागात उंदराचं बीळ, महत्त्वाचं नाही.~~

१८ जानेवारी, गुरुवार

कालच्या मातीच्या चाळणीत बांगडीचा तुकडा. काळा, पिवळी नक्षी. चिठ्ठीवर लिहिलंय : बी-२, थर ४, खोली १.१२.

सकाळी अकरापर्यंत आम्ही हवेत. सातवाहन घराच्या जमिनीखाली नक्षीदार काच म्हणजे पुस्तकं बदलावी लागणार! तालीमवाल्यानं भडंग आणली. मग सर आले, तुकडा बघितला, मला बघितलं, आणि खड्ड्यात उतरून करणीनं उत्तरेचा भाग हलकेच खरवडला. एका माणसानं पाण्याचा फवारा मारला.

ओल्या मातीत रेघ उठली. सरळ. नंतर तिला समांतर दुसरी. मध्ये साठ सेंमी रुंदीचा पट्टा, गडद, त्यात विटांचा चुरा. उंदीर असं सरळ खणत नाही.

ती भिंत होती. म्हणजे भिंतीची जागा होती. नंतरच्या कुणीतरी वरून चर खणून विटा काढून नेल्या, आणि चर पुन्हा मातीनं बुजला. ताई त्याला ‘लुटलेली भिंत’ म्हणते. विटा गेल्या पण चराच्या कडा राहतात, आणि त्या कडांवरून भिंत कुठं होती, किती जाड होती, कुठं वळली ते सगळं कळतं. बुजवलेल्या मातीत जे सापडेल त्यातल्या सगळ्यात अलीकडच्या वस्तूवरून लूट कधीच्या आधीची नाही, हेही ठरतं. गुटख्याच्या पुडीचाच हिशेब.

आणि मी अडीच मीटर लांबीच्या कडा कापून टाकल्या आहेत. चराची माती आणि घराच्या जमिनीची माती एका घमेल्यात गेली. बांगडीचा तुकडा चराच्या तळाशी होता, मध्ये होता, की वरच्या थरातून कडेनं ढासळून माझ्याच पायाखाली आला, हे आता सांगता येत नाही.

सर रागावले नाहीत. ‘खोडू नकोस, रेघ मार’ एवढंच म्हणाले. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

१९ जानेवारी, शुक्रवार

चराचा पूर्वेकडचा १.८ मीटर तुकडा शाबूत आहे. त्याला वेगळा क्रमांक, वेगळी पिशवी, वेगळी चाळणी. आधी फक्त बुजवण काढायची, कडांना धक्का नाही. आज खुरपं आक्कांच्या हातात, मी नुसती लिहितेय. त्या डोळे मिटल्यासारखे करून माती चाचपतात. ‘बघून न्हाई कळत. खुरपं आत किती जातंय त्याचा अंदाज घ्याचा.’ वहीत हे ‘घट्टपणा : कमी’ असं लिहितात. छापील रंगतक्त्यावर दोन्ही मातींचा रंग एकच निघाला, म्हणजे परवा माझे डोळे चुकले नव्हते. विचारायचं होतं हाताला.

२१ जानेवारी, रविवार

सुट्टी. ताई म्हणाली, टाऊन हॉलला चला.

लहानपणी सहलीला आलो होतो तेव्हा फक्त बाहेरच्या बागेत डबे खाल्ले. मँट या इंग्रज वास्तुविशारदानं बांधलेली १८७० च्या दशकातली काळ्या दगडाची इमारत, आत संग्रहालय. संग्रहालय उभं राहिलं १९४६ साली, तेच मुळात ब्रह्मपुरीच्या वस्तू ठेवायला, आणि १९४९ मध्ये इथं आलं. ब्रह्मपुरीला आधी राजाराम कॉलेजच्या प्रा. कुंदणगारांनी काम केलं, आणि १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडून ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी शिस्तशीर उत्खनन केलं. तिथला समुद्रदेव पोसायडनचा छोटा कांस्यपुतळा सगळ्यांना माहीत असतो. रोमन जगातला देव, पंचगंगेच्या काठी. त्याच्यापुढं आमची पोरं सेल्फी काढत होती.

मी अडकले नाण्यांपाशी. शिशाची, मळकट, एका बाजूला धनुष्यबाण. कोल्हापूरच्या भागात मिळणारी ‘कुर’ राजांची नाणी : विळिवायकुर, शिवलकुर आणि गोतमीपुत्र विळिवायकुर. टॉलेमी या जुन्या ग्रीक भूगोलकाराच्या ग्रंथात हिप्पोकुरा नावाच्या गावी बलिओकुरोस राज्य करतो असं येतं, तो यांच्यातलाच असं बरेच अभ्यासक मानतात. पण या तिघांत आधी कोण, नंतर कोण? ताईनं सांगितलेलं उत्तर अजून डोक्यातून जात नाही. शिवलकुरानं विळिवायकुराच्या काही नाण्यांवरच आपला ठसा मारला, आणि गोतमीपुत्रानं शिवलकुराच्या. खालचा ठसा पुरता पुसला गेला नाही. म्हणजे नाण्यातच थर आहेत : खालचा आधीचा, वरचा नंतरचा. पाव इंच जाडी नाही, आणि तीन राजांचा क्रम त्यात.

पुसट राहिलं म्हणूनच वाचता आलं. मी माझा खालचा ठसा घासून टाकला होता.

येताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबलो. म्हैस समोर, धार समोर, पेला हातात. पुण्याच्या ताईनं दोन पेले घेतले आणि मिशी पुसायची विसरली.

२३ जानेवारी, मंगळवार

चराच्या तळाशी विटा! लुटणाऱ्यांनी सगळ्यात खालचा थर काढलाच नाही. पाच विटा शाबूत, सहावी अर्धी. माप : ४२ × २१ × ७ सेंमी. आजच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट लांब. चुना नाही, मातीतच बसवलेल्या. एका विटेवर, ओली असताना उमटलेला, कुत्र्याचा पाय. चारही बोटं स्वच्छ. वीट वाळत घातली होती आणि ते वरून गेलं. फोटो काढताना पट्टी आणि उत्तर दाखवणारा बाण ठेवला तरी सगळ्यांचे डोळे पायावरच.

बुजवणीतून आलेलं : विटांचे तुकडे, हाडं, गंजलेला एक खिळा, साधी खापरं. बांगडी नाही. काच नाही. खिळ्यावरून काळ ठरत नाही.

मामा कडेला उभे राहून विटा बघत होते. ‘असल्या इटा आमच्या गोठ्याच्या पायरीला हायत की.’

२५ जानेवारी, गुरुवार

संध्याकाळी टेप घेऊन मामांच्या घरी. इथून दोन बोळ पलीकडं. गोठ्याच्या उंबऱ्यात खाली दोन विटा, वर शहाबादी फरशी. म्हैस बाजूला घ्यायला दहा मिनिटं लागली, तिला आमचा हेतू पटेना. शेण धुऊन मोजल्या : एक ४१.५ × २१ × ७, दुसरी तुटकी, रुंदी २१, जाडी ७.

मामांच्या आज्यानं त्या ‘कुठल्या तरी पडक्यातनं’ आणलेल्या. नुसत्या मापावरून ती आमच्या भिंतीची वीट म्हणता येत नाही. सरांनीही तसं म्हणू दिलं नाही. त्यांनी तिला ‘परिसरात पुनर्वापर, तोंडी माहिती’ या सदरात टाकलं. पण मला आता लूट हा शब्द जड वाटतो. तयार, पक्की, फुकटची वीट जमिनीत असताना कोण नवी भाजणार? मामींनी भाकरी आणि खर्डा खायला घातला. म्हैस परत त्याच पायरीवर उभी.

२६ जानेवारी

सुट्टी होती. तिघं आलो, खापरांवर क्रमांक घातले. काळी शाई, वरून रंगहीन नेलपॉलिश. ३१० झाली.

२९ जानेवारी, सोमवार

मालकाचा माणूस येऊन गेला. जेसीबी २ तारखेलाच आणू का म्हणून विचारत होता. सरांनी ३ म्हणजे ३ सांगितलं. आवाज चढला नाही, पण चहा कुणी घेतला नाही.

बी-१ मध्ये मातीच्या कड्यांची विहीर निघाली, एकावर एक सात कडी, अजून खाली आहेत. पाणी आणि वेळ दोन्हींमुळं तळापर्यंत जाता येणार नाही. बी-१ वाले उदास. चुलीच्या राखेतला कोळसा हात न लावता चिमट्यानं उचलून फॉईलमध्ये बांधला, कार्बन चाचणीसाठी. राखेची माती बादलीत ढवळली की जळालेले दाणे वर तरंगतात. चहाच्या गाळणीनं वेचले. तांदळासारखे दिसतात, खात्री प्रयोगशाळा करील.

३१ जानेवारी, बुधवार

कडेचं रेखाटन, १:२० प्रमाणात. दोरी समपातळीत ताणायची, दर वीस सेंमीवर ओळंबा सोडायचा, तालीमवाला खालून आकडा ओरडणार, मी आलेखावर ठिपका देणार. गाळ, भराव, पांढर, मुरमाची जमीन. आणि पूर्वेच्या बांधात तो चर, वरून रुंद, खाली अरुंद, तळाला दोन विटांची टोकं. कोणत्या थरातून तो खाली उतरला ते बांधात दिसायला हवं होतं. तिथं वरती थर ३ चा काठ एका जुन्या झाडाच्या मुळानं फोडलाय. थर ३ च्या आधीचा की त्यातूनच खणलेला, दोन्ही शक्य. मी वीस मिनिटं बघत बसले. मुळासाठी तुटक रेघ वापरतात.

म्हणजे पुन्हा सगळं त्या बांगडीवर येऊन थांबतं.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

पुरावस्तू नोंदवही पूर्ण केली. बी-२ च्या १९ वस्तू. सोळाव्या क्रमांकाला सर म्हणाले, ‘तू लिही.’

क्र. १६. बांगडीचा तुकडा, काच, काळी, पिवळी नक्षी. बी-२, खोली १.१२ मी. पर्यंतच्या मिश्र मातीतून, चाळणीत. स्थान : संदिग्ध. चराची बुजवण अथवा वरून ढासळलेला थर ३. काळ ठरवण्यासाठी वापरू नये.

शेवटचं वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

३ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी पाच विटा उचलल्या, कुत्र्याच्या पायाची वेगळी कापसात. खड्ड्याच्या तळाला निळा प्लास्टिक कागद अंथरला. पुढं कधी कुणी खणलंच तर आम्ही कुठं थांबलो ते कळावं म्हणून. कागदावर चालू नाणं ठेवायचीही पद्धत आहे. सगळे खिसे चाचपू लागले, पैसे सगळ्यांचे फोनमध्ये. शेवटी आक्कांनी कमरेची चंची सोडली आणि दोन रुपये टाकले. ‘माझं नाव ल्हिवा वहीत.’ वहीत ‘नाणं, २ रु., एका कामगार बाईंकडून’ असं लिहायचा नियम आहे. मी नियम पाळला, आणि त्यांना तसं सांगितलंही. त्यांनी पदर खोचला, ‘बरं, बाई तर बाई.’

साडेदहाला जेसीबी आला. बुजवायला वीस मिनिटं लागली. सरांनी वह्या तपासून घेतल्या. १७ तारखेच्या पानावर थांबले. रेघ होती, तारीख होती, सही राहिली होती. पेन्सिल माझ्यापुढं धरली. केली.

सामान मोजून दिलं. घमेली चौदा, बरोबर. करण्या आठ, बरोबर. खुरपी बारा आणली होती, अकरा भरली. तालीमवाला भरावाकडं बघून म्हणाला, ‘आता ऱ्हाऊ दे की.’ नोंदवहीत लिहिलं : खुरपं १, गहाळ, बहुधा बी-२.